चौदा कप्प्यांची गोळ्यांची डबी : सहा महिन्यांच्या वापरानंतर

अपस्माराचे औषध नियमित घेणाऱ्याला गोळी विसरण्याची जितकी धास्ती असते, तितकीच ती चुकून दोनदा घेतली जाण्याची असते. ‘सकाळची गोळी घेतली की नाही?’ या प्रश्नाचे उत्तर औषधाच्या पट्टीवर सापडत नाही, कारण तिच्यावर वार छापलेले नसतात. एवढ्या एका प्रश्नासाठी मी सात वारांची, सकाळ-रात्र असे चौदा कप्पे आणि झाकणात गजर असलेली प्लॅस्टिकची डबी घेतली.

हे मुख्य काम डबी चोख करते. मी लेव्हेटिरासिटाम दिवसातून दोनदा घेतो. प्रौढांच्या रक्तातील या औषधाचे प्रमाण साधारण ६ ते ८ तासांत निम्म्यावर येत असल्याने दोन गोळ्यांमधले बारा तासांचे अंतर शक्यतो ढळू द्यायचे नसते. एका गुरुवारी दुपारी सकाळचा कप्पा भरलेला दिसला. पुढच्या गोळीची वेळ अजून दूर असल्याने, डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवल्याप्रमाणे, मी ती लगेच घेतली आणि रात्रीची नेहमीच्या वेळी एकच घेतली. राहिलेली भरून काढण्यासाठी दोन गोळ्या एकदम घ्यायच्या नसतात. डबी नसती तर हा खाडा माझ्या लक्षातही आला नसता. शिवाय दर रविवारी कप्पे भरताना शिल्लक किती आहे हे आपोआप कळते, आणि औषध संपून अचानक बंद पडल्यास न थांबणाऱ्या झटक्यांचा धोका असल्यामुळे हा फायदा मला गजराहून मोठा वाटतो.

गजर तसा यथातथाच आहे. झाकण न उघडताही तो बटण दाबून बंद करता येतो, आणि झोपेत मी तसे अनेकदा केले आहे.

खरी तक्रार वेगळीच आहे. माझे दुसरे औषध सोडियम व्हॅल्प्रोएट आहे. ते हवेतील ओलावा झपाट्याने शोषते, म्हणून त्याची गोळी घेण्याच्या क्षणापर्यंत पट्टीतच ठेवावी लागते. पहिल्या आठवड्यात मी माहितीपत्रक न वाचता (चूक माझीच) सगळ्या गोळ्या सुट्या करून भरल्या आणि शुक्रवारपर्यंत त्या चिकट होऊन कप्प्याच्या तळाला बसल्या. अपस्मारावरच्याच कार्बामाझेपिन या औषधाच्या गोळ्याही दमट जागी ठेवल्यास त्यांचा परिणाम घटू शकतो. पट्टीचा तुकडा वेष्टनासकट कापून ठेवणे हा औषधविक्रेत्याने सुचवलेला उपाय उत्तम होता, पण कप्पे इतके अरुंद की झाकण बसेना. अखेर व्हॅल्प्रोएटच्या पट्टीमागे शाईच्या पेनाने वार लिहून ती मी डबीखाली ठेवू लागलो. गोळ्यांसाठीच बनवलेल्या वस्तूच्या सूचनापत्रकात ओलाव्याविषयी एक ओळही नसावी, हे मला अक्षम्य वाटते.

झाकणे लहान मुलालाही सहज उघडता येतील अशी आहेत, त्यामुळे डबी उंच फळीवर किंवा कुलपातच ठेवावी लागते.

पाचपैकी तीन तारे. ज्यांच्या गोळ्या पट्टीबाहेर ठेवल्या तरी चालतात, हे औषधविक्रेत्याला विचारून ज्यांनी पक्के केले आहे, त्यांनी ही डबी अवश्य घ्यावी. ज्यांना वेष्टनासह गोळ्या ठेवायच्या आहेत, त्यांनी पट्टीचा तुकडा सोबत नेऊन कप्प्यात मावतो का ते आधी पाहावे.