ग्रंथालयाचे तास : एक, दोन की तीस?

नवी बॅच आली की महाविद्यालयाच्या ग्रंथपालापुढे तोच प्रश्न उभा राहतो. माहिती शोधायची कशी, पारखायची कशी, हे मुलांना शिकवायचं कुठल्या तासाला?

सोपा मार्ग इंडक्शनचा. सभागृहात दीडशे मुलं, तासाभरात ओपॅक (ग्रंथालयाची संगणकावरची सूची), दंडाचे नियम, एन-लिस्ट या ई-जर्नल्स आणि ई-पुस्तकांच्या सेवेचं लॉगिन. खर्च नाही, आणि अहवालाला फोटोही मिळतो. पण त्या दिवशी कुणालाच काही शोधायचं नसतं. प्रकल्प अंगावर आला की तीच मुलं ‘सर, ते लॉगिन काय होतं?’ म्हणत येतात.

दुसऱ्या टोकाला क्रेडिट कोर्स. यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) २०१९ मध्ये पीएचडीसाठी संशोधन व प्रकाशन नीतिमत्तेचा २ क्रेडिटचा, ३० तासांचा कोर्स सक्तीचा केला. त्यात डेटाबेस आहेत, सर्वांना मोफत वाचू देणारं ओपन अ‍ॅक्सेस आहे, पैसे घेऊन काहीही छापणारी फसवी जर्नल्सही आहेत. गुण असतात म्हणून मुलं मनावर घेतात. पदवीला असं काही आणायचं तर अभ्यास मंडळाची मंजुरी हवी, वेळापत्रकात जागा हवी. ग्रंथपाल एकटाच असेल तर तेवढा वेळ काउंटरवर कोण बसणार? आणि कॉपी-पेस्टची सवय लागते बीएला, कोर्स भेटतो पीएचडीला!

माझा कौल मधल्या वाटेला : विषयशिक्षकाच्या प्रकल्पाला जोडून दोन तास, वीस-पंचवीस मुलांचा गट. समजा, विषय शेतकरी आत्महत्यांचा आहे. शोधगंगा या पीएचडी प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात इंग्रजीत ‘फार्मर सुसाइड’ टाकलं की एक यादी येते, ‘अ‍ॅग्रेरियन डिस्ट्रेस’ (शेतीवरचं संकट) टाकलं की वेगळी, आणि मराठीतल्या प्रबंधांसाठी देवनागरीतही शोधावं लागतं. हे मुलांनी स्वतः करून पाहिलं की शब्द बदलून शोधायचं का, ते वेगळं सांगावं लागत नाही. दुसऱ्या तासात त्यातलेच दोन स्रोत समोर ठेवायचे : कुणी लिहिलं, आकडे कुठून घेतले, मूळ अहवाल उघडतो का? तिथेच संदर्भ लिहायलाही लावायचं. यूजीसीच्या वाङ्मयचौर्याबद्दलच्या २०१८ च्या नियमांत दुसऱ्याच्या मजकुराशी १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, एवढंच मुलांच्या कानावर असतं. मग शब्द फिरवून टक्का उतरवायचा खेळ सुरू होतो. दुसऱ्याचा विचार शब्द बदलून घेतला तरी संदर्भ द्यावाच लागतो, हे स्वतःच्या परिच्छेदावर काम करतानाच कळतं.

या वाटेची गोम एकच : सगळं शिक्षकावर अवलंबून. म्हणून आधी त्यांना विचारा, संदर्भसूचीला वीसपैकी पाच गुण द्याल का? ‘हो’ म्हणणारा एकच विभाग मिळाला तरी यंदा तिथूनच सुरुवात करा.