आयपी पीबीएक्स काही महिने वापरल्यावर : फोन सोपे निघाले, फॅक्स आणि मोडेमने वेळ खाल्ला

ऑफिसातला जुना ईपीएबीएक्स (अंतर्गत फोनचं एक्सचेंज) काढून आयपी पीबीएक्स, म्हणजे तेच काम कॉम्प्युटर नेटवर्कवरून करणारी सिस्टीम, बसवला त्याला आता बरेच महिने झाले, रोजच्या वापरातलं बरंवाईट नीट कळलंय म्हणून सविस्तर लिहितोय. आधीच सांगतो, सिस्टीम मला मनापासून आवडलीय आणि परत घ्यायची वेळ आली तर हीच घेईन. पण डेमोत सगळे फक्त फोन दाखवतात, एक्स्टेंशन लावलं, डायल केलं, पलीकडे वाजलं, झालं. खरी कसोटी फोन सोडून बाकीच्या वस्तूंची असते, फॅक्स, कार्ड मशीन, मोडेमवरून डायल करणारं अलार्म पॅनल, असलं सगळं. या वस्तू बोलत नाहीत, डेटा पाठवतात, आणि आवाजासाठी बनवलेल्या वाटेवरून डेटा नेणं हे वेगळंच काम आहे.

आधी चालू करण्याबद्दल. क्रम पाळा, प्लीज. पहिले स्विच आणि राउटर, मग पीबीएक्स पूर्ण बूट होऊ द्यायचा, ट्रंक (बाहेरच्या कॉलसाठी फोन कंपनीशी असलेली जोडणी) रजिस्टर झालीय का बघायचं, आणि मगच फोन. फोन आधी उठले तर त्यांना आयपी पत्ता मिळत नाही, सेटिंग कुठून उचलायची ते कळत नाही (हे बहुतेक वेळा डीएचसीपीच्या, म्हणजे नेटवर्कवर पत्ते वाटणाऱ्या सेवेच्या, ऑप्शन ६६ मधून सांगतात), मग ते नुसते परत परत ट्राय करत बसतात. दुसरं म्हणजे एनटीपी, नेटवर्कवरून घड्याळ जुळवायची सोय. फोनमधली तारीख चुकीची असेल आणि तुम्ही टीएलएस (सर्टिफिकेट तपासून केलेली सुरक्षित जोडणी) वापरत असाल तर सर्टिफिकेट मुदतीबाहेरचं समजून फोन रजिस्टरच होत नाही, आणि आपण मात्र पासवर्ड तपासत बसतो. लाईट जाऊन आली की सगळं एकदम चालू होतं, क्रम आपोआप मोडतो, त्यामुळे पीबीएक्स, राउटर आणि फोनचा स्विच तिन्ही यूपीएसवर पाहिजेत. साध्या लाईनला एक्सचेंजमधूनच ४८ व्होल्ट यायचे म्हणून लाईट गेली तरी फोन चालायचा, ती सवय आता विसरायची.

पीओई स्विच (नेटवर्क केबलमधूनच फोनला वीज देणारा) घेताना नुसते पोर्ट मोजू नका, एकूण वॅट बघा. पीओईच्या ८०२.३ एएफ या मानकात स्विच एका पोर्टला १५.४ वॅटपर्यंत देतो, म्हणजे २४ पोर्ट पूर्ण भरले तर ३७० वॅटच्या आसपास लागतात, आणि बऱ्याच स्वस्त स्विचचं एकूण बजेट त्याच्या निम्मंच असतं. साध्या डेस्क फोनला एवढं लागत नाही म्हणून आमचं भागलं, पण मोठ्या स्क्रीनचे फोन, कॅमेरे आणि वायफायचे ॲक्सेस पॉईंट एकाच स्विचवर आले की हिशोब मांडूनच घ्या.

फोनच्या मागे कॉम्प्युटर जोडायची सोय मला फार कामाची वाटली, टेबलाला एकच केबल पुरते. फोनच्या आत छोटा स्विचच असतो, आवाज टॅग लागून वेगळ्या व्हीलॅनवर (त्याच केबलवरच्या स्वतंत्र नेटवर्कवर) जातो आणि कॉम्प्युटर नेहमीच्या नेटवर्कवर राहतो. दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेवा. फोनचा तो पोर्ट १०० एमबीपीएसचा असेल तर मागचा कॉम्प्युटरही तेवढाच धावणार, मोठ्या फाईली हलवणाऱ्यांना गिगाबिटवालाच फोन द्या. आणि फोन रिबूट झाला की कॉम्प्युटरचं नेटही क्षणभर जातं, म्हणून फोनचे अपडेट ऑफिस सुटल्यावर टाकायचे. आमच्याकडे एकदा कुणीतरी फोनचे दोन्ही पोर्ट भिंतीतल्या सॉकेटला लावले आणि लूप होऊन, म्हणजे डेटा गोलगोल फिरत राहून, अख्खा मजला बंद पडला. स्विचवर लूप प्रोटेक्शन आणि स्पॅनिंग ट्री (असा लूप ओळखून थांबवणाऱ्या सोयी) चालू केल्यावर परत तसं झालं नाही, हे पहिल्याच दिवशी करून घ्या.

आता फॅक्स, कारण सगळ्यात जास्त वेळ त्यातच गेला. माणूस बोलताना एखादं पॅकेट हरवलं तर कानाला पत्ताही लागत नाही, एका पॅकेटमध्ये साधारण २० मिलिसेकंदांचाच आवाज असतो, पण फॅक्सच्या तेवढ्यातच ओळी तुटतात किंवा कॉलच पडतो. जी.७२९ सारखे कोडेक (आवाजाचा डेटा बनवायच्या पद्धती) माणसाच्या आवाजाच्या हिशोबाने दाबून पाठवतात, त्यातून फॅक्सचा सूर नीट जातच नाही. त्यामुळे फॅक्सच्या एक्स्टेंशनला जी.७११ च पाहिजे, एका कॉलला एका दिशेने ८७ केबीपीएसच्या आसपास लागतात, पण पर्याय नाही. सोबत सायलेन्स सप्रेशन (शांततेत पॅकेट न पाठवणं) बंद, कॉल वेटिंग बंद, मशीनचा स्पीड ३३६०० किंवा १४४०० वरून ९६०० वर आणायचा, आणि मध्येच तुटत असेल तर मशीनमधलं एरर करेक्शन बंद करून बघायचं. खरा उपाय टी.३८ आहे, त्यात गेटवे फॅक्सचा सूर उलगडून डेटा म्हणूनच पाठवतो, पण तो आपला अडॅप्टर (जुन्या ॲनालॉग मशीनला नेटवर्कशी जोडणारा डबा), पीबीएक्स आणि ट्रंक देणारा या तिघांनाही जमायला पाहिजे. आमच्या ट्रंकवर टी.३८ कागदावर होतं, प्रत्यक्षात कॉल अर्ध्यातच पडायचा. एकदोन पानं जी.७११ वरून व्यवस्थित जातात, लांबलचक कागदपत्रं मात्र भरवशाची नाहीत, म्हणून शेवटी फॅक्सला एक थेट ॲनालॉग लाईनच ठेवली आणि तेव्हापासून त्याची तक्रार नाही.

मोडेमवाल्या मशीनची गंमत वेगळी. कार्ड मशीनला थोडासाच डेटा पाठवायचा असतो आणि ते कमी स्पीडवर बोलतं, त्यामुळे अडॅप्टरवरून ते फॅक्सपेक्षा चांगलं चाललं. पण बाहेरची लाईन घ्यायला जो आकडा लावतो तो नंबरच्या आधी टाकायला लागतो आणि त्यापुढे एक स्वल्पविराम, म्हणजे मोडेम साधारण २ सेकंद थांबतो आणि मग पुढचा नंबर फिरवतो. हे नसेल तर पहिले आकडे गिळले जातात. अजून एक, त्या एक्स्टेंशनवर व्हॉईसमेल ठेवूच नका. मेसेज पडून असला की डायल टोन तुटक वाजतो आणि मोडेम म्हणतं टोनच नाही. मोडेमला कमांड देता येत असेल तर एटीएक्स३ दिल्यावर ते टोनची वाट न बघता डायल करतं. आणि जुना डिजिटल ईपीएबीएक्स अजून वापरत असाल तर त्याच्या डिजिटल एक्स्टेंशनच्या सॉकेटला साधं मोडेम चुकूनही लावू नका, ती ॲनालॉग लाईन नसते आणि मोडेम जळू शकतं. आम्ही नंतर नेटवर्कवरून चालणारं कार्ड मशीन घेतलं आणि त्याला स्वतंत्र व्हीलॅन दिला, बाकी कुठल्याही कॉम्प्युटरला तिकडे वाट नाही.

लिफ्टचा फोन आणि आगीचं अलार्म पॅनल यांना मात्र मी पीबीएक्सच्या वाटेला जाऊच दिलं नाही. नेट पडलं, यूपीएस संपला, काहीही झालं तरी ते चाललेच पाहिजेत, त्यात प्रयोग नको.

कॉलच्या क्वालिटीबद्दल एवढंच, नेटवर्क नीट असेल तर आवाज जुन्या सिस्टीमपेक्षा स्वच्छ आहे. सुरुवातीला बाहेरचे काही कॉल दरवेळी बरोब्बर अर्ध्या मिनिटाने तुटायचे, आणि लोकांना वाटायचं की समोरच्यानेच ठेवला. ही खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. कॉल उचलल्याचं उत्तर गेलं आणि त्याची पोच परत आली नाही तर सिपच्या (कॉल जोडायच्या-तोडायच्या नेटवर्क पद्धतीच्या) नियमाप्रमाणे ३२ सेकंदांनी कॉल बंद होतो. म्हणजे दोष फोनचा नाही, मध्ये राउटर पत्ते बदलतोय. राउटरमधलं सिप एएलजी (सिपच्या मेसेजमधले पत्ते बदलणारी सोय) बंद केलं, पीबीएक्सला बाहेरचा पत्ता नीट सांगितला, आणि तो त्रास गेला. एकाच बाजूचा आवाज येतो, किंवा बराच वेळ शांत गेल्यावर बाहेरून येणारा कॉल वाजतच नाही, हेही बहुतेक त्याच घराण्यातलं, दुसऱ्यासाठी कीप-अलाईव्ह (राउटरमधली वाट उघडी ठेवायला अधूनमधून जाणारी पॅकेट) चालू करा.

सिपचा ५०६० पोर्ट बाहेरून उघडा असला तर लॉगमध्ये दिवसरात्र अनोळखी पत्त्यांवरून पासवर्ड ट्राय होताना दिसतात. एक्स्टेंशनचा नंबरच पासवर्ड ठेवणं म्हणजे बिलाला आमंत्रण. परदेशी कॉल ज्यांना लागतात त्यांनाच चालू ठेवा, बाकी सगळ्यांना बंद.

न आवडलेलं म्हणजे सेटिंगचं पान. एकच गोष्ट तीन ठिकाणी बदलावी लागते आणि सेव्ह वेगळं, अप्लाय वेगळं, नवीन माणसाला तिथे फार वेळ जातो. कॉन्फिगचा बॅकअप मात्र एका फाईलीत निघतो, तो दर बदलानंतर काढून पीबीएक्सच्या बाहेर ठेवायचा. कुठल्या सॉकेटवर कुठलं एक्स्टेंशन, कुठला अडॅप्टर, फॅक्सचा स्पीड किती, मोडेमचा डायल नंबर काय, हे सगळं आम्ही एका कागदावर लिहून रॅकच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलंय, कारण या गोष्टी त्या बॅकअपमध्ये येत नाहीत.