जुनी टाटा नेक्सॉन डिझेल घेतली, अमळनेरहून सहा महिन्यांचा अनुभव

आमच्याकडे नऊ वर्षं अल्टो होती, गाडी चांगलीच होती पण आईचे गुडघे गेले आणि तिला त्या खालच्या सीटमधून उठवायला दोन जण लागायला लागले, तेव्हाच ठरवलं की आता उंच गाडी घ्यायची. नवीन घेण्याइतकं बजेट नव्हतं, सहा लाखाच्या आत सगळं बसवायचं होतं, म्हणजे जुनी छोटी एसयूव्ही. घरात आम्ही दोघं, दोन पोरं आणि आई, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) बहीण आली की तिचं पोरगं पण मांडीवर. तीन महिने शोधलं भो, जळगाव, धुळे, नाशिक, एकदा सुरतपर्यंत जाऊन आलो. आपल्या भागात कुणी घेणार असेल तर उपयोगी पडेल म्हणून सविस्तर लिहितोय.

पहिली गोष्ट सांगतो जी मला कुणीच सांगितली नव्हती. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो, आणि गाडीत मागे एसीचे व्हेंट नसतील तर पुढचे गार आणि मागची म्हातारी माणसं, पोरं भाजून निघतात. आणि गंमत बघा, या साइजच्या बऱ्याच जुन्या गाड्यांना मागे व्हेंटच नाहीत! जुनी व्हिटारा ब्रेझा (२०१६ ते २०२२ ची) घ्या, इंजिन दणकट, २०२० पर्यंत १.३ लिटर डिझेल, मिस्तरी लोकांचं आवडतं, टायमिंग चेनवालं, मे २०१८ नंतरच्या सगळ्या व्हेरियंटला दोन एअरबॅग आणि एबीएस, पण मागे व्हेंट नाही. ते जून २०२२ च्या नव्या ब्रेझात आले. एक्सयूव्ही ३०० ला सेफ्टीचे ५ स्टार, पण मागे व्हेंट नाही आणि डिकी लहान. इकोस्पोर्टलाही नाही, आणि फोर्डने २०२१ मध्ये इथलं उत्पादन बंद करायचं जाहीर केलं, त्यामुळे ती मनातून उतरली. व्हेन्यूला व्हेंट आहेत पण मागे तीन मोठी माणसं बसवून पाहिली तर खांद्याला खांदा घासतो.

म्हणून नेक्सॉनवर आलो. रुंद आहे, ग्राउंड क्लिअरन्स २०९ एमएम, डिकी ३५० लिटर, डिसेंबर २०१८ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या क्रॅश टेस्टमध्ये ५ स्टार मिळाले. खालच्या व्हेरियंटला मागचे व्हेंट नसतात हे लक्षात ठेवा, मी एक्सझेड प्लस हे वरचं व्हेरियंटच शोधत होतो. आणि डिझेलमध्ये मुद्दाम २०१९ ची, म्हणजे बीएस ४ (प्रदूषणाच्या जुन्या नियमाची). बीएस ६ डिझेलला डीपीएफ म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असतो, गावातल्या गावात दोन-तीन किलोमीटर चालवली की तो चोक व्हायला लागतो, आणि आमचं निम्मं फिरणं बाजार, शाळा, दवाखाना असंच आहे. तुमचं हायवेचं रनिंग अजिबातच नसेल तर सरळ पेट्रोल घ्या, डिझेलच्या नादी लागू नका.

आता पाहिलेल्या गाड्या. जळगावला एका डीलरकडे पांढरी शुभ्र गाडी, मीटरवर ४१ हजार, आतून चकाचक, माझं मन बसलं होतं, इसार द्यायला खिशात हात घातला होता. सोबत आमचे गॅरेजवाले मिस्तरी होते, त्यांनी बॉनेट उघडलं, फेंडरच्या (पुढच्या चाकावरच्या पत्र्याच्या) बोल्टवर नख फिरवलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "भाऊ, हाई गाडी उजवी बाजूले ठोकेल शे, लेऊ नको." (उजवीकडून ठोकलेली आहे, घेऊ नको.) बोल्टचा रंग उडालेला, म्हणजे पान्हा लागलेला. मग काचा पाहिल्या, प्रत्येक काचेवर बारीक अक्षरात वर्षाचा कोड असतो, तीन काचा २०१९ च्या आणि उजव्या मागच्या दाराची २०२२ ची. ब्रेकच्या पेडलचं रबर पार गुळगुळीत, ४१ हजाराला इतकं झिजत नाही. डीलर शेवटपर्यंत म्हणत होता की साधा स्क्रॅच होता. मला त्याचं फार वाईट वाटलं, कारण ही गाडी कुणीतरी घेणारच, आणि त्यात त्याची पोरंबाळं बसणार.

सुरतला गाड्या स्वस्त दिसतात पण हिशोब नीट करा. दुसऱ्या राज्याची एनओसी, मग आपल्याकडे परत रोड टॅक्स, एजंटचे पैसे, फेऱ्या, सगळं धरलं की फरक उरत नाही. तिथे पाहिलेल्या एका गाडीचा सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढला तर शेवटच्या वीतभर पट्ट्यावर वाळलेल्या गाळाची रेघ! कार्पेट उचललं तर कुबट वास. गाडी पाण्यात उभी राहिलेली होती, आणि अशा गाडीची वायरिंग पुढे कधी दगा देईल सांगता येत नाही. हात जोडून परत आलो.

शेवटी गाडी मिळाली धुळ्याला, एमएच १८ पासिंग, थेट मालकाकडून, एका रिटायर्ड सरांची, ६८ हजार चाललेली. मी आदल्या दिवशी फोन करून सांगितलं की सर, सकाळी मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. थंड इंजिन कसं उठतं, धूर कोणता येतो, हे गरम गाडीत कळत नाही. सरांनी खरंच हात लावला नव्हता, पहिल्या सेल्फला उठली. एसी फुल करून वीस मिनिटं उभी ठेवली, आईला मागे बसवलं. ती म्हणाली, "आठे बसाले बरं वाटस." (इथे बसायला बरं वाटतं.) माझ्यासाठी तिथेच निकाल लागला.

मागणी ६ लाख २५ होती. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या छोट्या गाड्यांचा जीएसटी २८ चा १८ टक्के झाला, नवीनच स्वस्त झाल्या म्हटल्यावर जुन्याचा भाव पण खाली यायला हवा, हे मी शांतपणे मांडलं. टायरवरचा चार आकडी कोड पण दाखवला, २३१९, म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा, चारही टायर गाडीसोबतचेच. क्लच पण वर पकडत होता, म्हणजे प्लेट झिजलेली. ५ लाख ७० ला व्यवहार झाला. क्लच प्लेट आणि पुढचे दोन टायर मिळून तीस हजारांच्या आसपास गेले, तरी बजेटच्या काठावर बसलं.

कागदांचं मात्र घाईत करू नका. आरसीवर बँकेचा बोजा होता, कर्ज फिटलेलं पण बोजा उतरवलेला नव्हता, त्यासाठी फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी, मग ट्रान्सफरला फॉर्म २९ आणि ३०. बोजा उतरल्याशिवाय मी पूर्ण पैसे दिले नाहीत, सरांनी पण समजून घेतलं. दोन जुने ई-चलान निघाले, ते त्यांनी लगेच भरले. इन्शुरन्स १४ दिवसांत नावावर करायला अर्ज द्या, आणि जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) तुम्हाला मिळत नाही, तो त्यांचाच राहतो, त्यामुळे वरचा फरक भरावा लागतो, तेवढे पैसे बाजूला ठेवा.

सहा महिन्यांत साडेसात हजार किलोमीटर झाले. हायवेला १८ चा ॲव्हरेज, गावात १४. वणीला पाच जण आणि सामान घेऊन गेलो, नांदुरीच्या घाटात तिसऱ्यावर आरामात चढली, २६० एनएमचा टॉर्क (इंजिनची ओढायची ताकद) म्हणजे काय ते तिथे कळतं. सुरत-नागपूर हायवेवर ट्रकला ओव्हरटेक करताना अल्टोत जीव मुठीत असायचा, आता बायको बाजूला बसून झोपते. शेताच्या रस्त्यावर खाली घासत नाही. आई दार उघडून स्वतःची स्वतः बसते, हाताला धरायची गरज पडत नाही.

परवा आखाजीला बहिणीला पारोळ्याहून आणलं, दुपारी दोनची वेळ, बाहेर आग. मागे तिघी आणि पोरगं मांडीवर, व्हेंट आईच्या बाजूला फिरवलेला. घरी पोचेपर्यंत पोरगं झोपलेलं होतं. आता पावसाळ्याआधी मागचे दोन टायर बदलायचे आहेत, तेवढं राहिलंय.