जिलबीच्या रंगाने शोधलेली गळती : कोथरूडमधील एका स्थानिक प्लंबरच्या कामाविषयी

गेल्या एप्रिलमध्ये आमच्या खालच्या मजल्यावरील काकूंच्या न्हाणीघराच्या छताला ओल आली आणि पंधरा दिवसांतच तेथून थेंब पडू लागले. इमारत १९९४ सालची, पाइप भिंतीत गाडलेले आणि गळती चोवीस तास चालू, त्यामुळे पाण्याचा पाइपच फुटला असावा असे सोसायटीतील प्रत्येकाने, म्हणजे ज्यांचा या विषयाशी काडीचाही संबंध नाही अशांनीसुद्धा, छातीठोकपणे सांगितले.

आम्ही प्रथम फोनवरून नोंदणी करता येणाऱ्या एका सेवेमार्फत माणूस बोलावला. तो ठरलेल्या वेळी आला, पायांत प्लॅस्टिकची आवरणे घालून आत शिरला, दहा मिनिटांत पाच-सहा छायाचित्रे काढली आणि वॉटरप्रूफिंग संपल्यामुळे सगळी फरशी उखडून काम नव्याने करावे लागेल, असे सांगून ४८,००० रुपयांचे अंदाजपत्रक पाठवून मोकळा झाला. या सगळ्यात त्याने फ्लशच्या टाकीचे झाकणसुद्धा उघडून पाहिले नव्हते. शेवटी कोपऱ्यावरील हार्डवेअरच्या दुकानदाराने ज्यांचे नाव सुचवले, त्या पन्नाशीतील प्लंबरकाकांना बोलावले. हा अभिप्राय त्यांच्या कामाविषयी आहे.

काकांनी हत्यारांची पिशवी दाराशीच ठेवली आणि आईला विचारले, “ताई, जिलबीचा रंग आहे का घरात?” चिमूटभर केशरी रंग त्यांनी फ्लशच्या टाकीत टाकला आणि कोणीही फ्लश ओढू नये असे बजावून ते चहा घेत बसले. पंधरा मिनिटांनी पाहिले तर कमोडमधील पाणी केशरी झाले होते. टाकीच्या तळाशी असलेल्या व्हॉल्व्हचा रबरी वॉशर क्षारांच्या थरामुळे नीट बसत नव्हता आणि डोळ्यांना दिसणारही नाही अशी पाण्याची बारीक धार रात्रंदिवस कमोडमध्ये झिरपत होती. महापालिकेचे खडकवासल्याचे पाणी पुरत नाही तेव्हा आमच्याकडे बोअरचे आणि टँकरचे पाणी इमारतीच्या टाकीत मिसळले जाते, आणि त्या जड पाण्याने अशा वॉशरची हीच गत होते, असे त्यांचे म्हणणे पडले.

मात्र टाकी गळत असली तरी ते पाणी कमोडमधून ड्रेनेजच्या पाइपात जायला हवे, ते खालच्या घरात कसे उतरते, हा प्रश्न उरतोच. म्हणून त्यांनी फ्लशच्या टाकीला पाणी देणारा अँगल कॉक बंद करून टाकी रिकामी केली, बाकीचे पाणी चालूच ठेवले आणि दोन तास वाट पाहिली; खालचे थेंब थांबले. याचा अर्थ भिंतीतले पाइप शाबूत होते, कारण ते फुटले असते तर गळती थांबली नसती. त्यानंतर नहाणी ट्रॅपमध्ये, म्हणजे फरशीवरचे पाणी जाते त्या तोंडात, चिंधी कोंबून फरशीवर अर्धा तास पाणी साठवून ठेवले, तरीही खाली एक थेंब पडला नाही. म्हणजे ४८,००० रुपयांच्या वॉटरप्रूफिंगचीही गरज नव्हती. शेवटी बादलीभर केशरी पाणी कमोडमध्ये ओतून ते मला खालच्या घरी घेऊन गेले. आम्ही दोघे आणि काकू माना वर करून उभे होतो, आणि पाचएक मिनिटांत छतातून पहिला केशरी थेंब काकूंच्या बादलीत पडला.

कमोड उचलल्यावर उरलेला उलगडा झाला. तळाचे स्क्रू गंजून कुजल्यामुळे कमोड बसताना किंचित हलत असे, आणि त्या हलण्याने कमोडचे तोंड व फरशीतील चार इंची पाइप यांच्यामधला सिमेंटचा सांधा तडकला होता. काकांनी तेथे पुन्हा सिमेंट न भरता रबरी पॅन कनेक्टर बसवला, स्क्रू स्टेनलेस स्टीलचे घातले आणि कडेने व्हाइट सिमेंट भरताना मागच्या बाजूला दोन बोटांची फट मुद्दाम मोकळी सोडली. पुन्हा कधी गळालेच तर पाणी खालच्यांच्या छतात उतरण्याआधी आपल्या फरशीवर दिसावे, हा त्यामागचा विचार मला फार आवडला. टाकी नवी घ्या असेही त्यांनी सुचवले नाही. फक्त वॉशर बदलला. सिमेंट सुकेपर्यंत चोवीस तास कमोड वापरायचा नव्हता, आणि दुसरा संडास असल्याने आमचे भागले. ज्यांच्याकडे एकच आहे त्यांनी शेजाऱ्यांशी आधीच बोलून ठेवावे.

खर्च असा झाला : तपासणीचे ५००, कमोड काढून बसवण्याची मजुरी १,८०० आणि कनेक्टर, स्क्रू, व्हाइट सिमेंट यांचे ६२० रुपये, वॉशरचे ६० धरून एकूण २,९८० रुपये. संडास साफ करताना ॲसिड आणि ब्लीच कधीही एकत्र ओतू नका, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो, हा इशारा त्यांनी जाता जाता आईला दिला, कारण मोरीच्या कोनाड्यात दोन्ही बाटल्या शेजारी-शेजारी त्यांना दिसल्या होत्या.

तक्रारी नाहीत असे नाही. सकाळी दहाची वेळ देऊन काका दुपारी एक वाजता उगवले आणि मधल्या काळात त्यांनी फोन उचलला नाही. पावती म्हणून मिळाला तो दुकानाच्या चिठ्ठीच्या पाठीवर लिहिलेला हिशेब, जो सोसायटीच्या फाइलला लावताना चिटणिसांनी दोनदा उलटून पाहिला. फरशीवर सांडलेले व्हाइट सिमेंट वेळीच पुसले न गेल्यामुळे आम्हाला नंतर ते ब्लेडने खरवडावे लागले. तिसऱ्या दिवशी अँगल कॉकच्या जुन्या आट्यांमधून पाणी ठिबकू लागले, तेव्हा मात्र ते त्याच संध्याकाळी आले, टेफ्लॉन टेप गुंडाळून कॉक पुन्हा बसवला आणि पैसे घेतले नाहीत.

ज्यांना तातडीची निकड आहे, उदाहरणार्थ संडास तुंबून पाणी वर आले आहे, त्यांनी यांच्या भरवशावर राहू नये, कारण ते एका वेळी एकच काम हाती घेतात आणि ते संपल्याशिवाय उठत नाहीत. पण कोणी फरशी फोडण्याचे अंदाजपत्रक हातात दिले असेल, तर त्याआधी यांना बोलवावे. सकाळी नऊच्या आत हार्डवेअरच्या दुकानात निरोप ठेवला की तो पोहोचतो.

काकूंचे छत आता कोरडे आहे. त्यावर जिलबीच्या रंगाचा रुपयाएवढा डाग मात्र राहिला असून तो पुसून रंग देण्याचा खर्च आमच्याकडे आहे.