पालिकेची सीबीएसई शाळा, जून ते मार्चचा अनुभव: शिकवणं छान, पण पाण्याच्या मशीनला वाली नाही

शाळेतलं पिण्याच्या पाण्याचं मशीन मागच्या आठवड्यात परत बंद पडलं, म्हणून हे लिहायला बसलेय. नाहीतर परीक्षा झाल्यावर निवांत लिहिणार होते. मुंबई पालिकेच्या सीबीएसई शाळेत घालू का, कशी आहे, असं बऱ्याच जणी विचारत असतात, तर जूनपासून जे पाहिलं ते सगळं सांगते. प्रवेशाची सोडत, कागदपत्रं, २७ वस्तू फुकट मिळतात हे सगळ्यांना माहितीच आहे, त्यात जात नाही. शाळेचं नाव, वॉर्ड मुद्दाम लिहीत नाहीये, पूर्व उपनगरातली आहे एवढं पुरे.

मुलगी तिसरीत. आधी दोन वर्षं प्रायव्हेटला होती, तिथे वर्षाला ५८ हजार फी, पुस्तकं ते सांगतील त्याच दुकानातून, गॅदरिंगच्या ड्रेसचे वेगळे, व्हॅनचे वेगळे, सगळं धरून महिन्याला सात हजारांच्या आसपास जायचे आणि घरात एकाचाच पक्का पगार. एवढं करून पोरगी धडा घडाघडा पाठ म्हणायची पण मधल्याच एखाद्या शब्दावर बोट ठेवलं की गप्प. पैसे वाचावेत म्हणून शाळा बदलली हे मी कोणापासून लपवत नाही, सासूबाई दोन महिने नाराज होत्या, माझ्या बहिणीने पण "पालिकेत? अगं बघ हं" असं फोनवर ऐकवलंच.

१६ जूनला शाळा सुरू झाली. वर्गात बेचाळीस मुलं. आरटीई, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीला ३० मुलांमागे एक शिक्षक हवा, तो हिशोब पूर्ण शाळेचा धरतात त्यामुळे कागदावर काय बसतं ते त्यांनाच ठाऊक, पण डोळ्यांना बेचाळीसच दिसतात. तरी सांगते, या मॅडमसारख्या मॅडम आम्हाला ५८ हजारात मिळाल्या नव्हत्या. त्या रोज चार-पाच मुलांना टेबलाजवळ बोलावून न शिकवलेलं पान वाचायला लावतात. जिथे अडेल तो शब्द मुलाच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहितात, आणि पुढच्या वेळी तो आला की त्याच्यापुढे लाल पेनाने टिक. माझ्या मुलीची ती यादी ऑगस्टमध्ये दीड पानाची होती, दिवाळीपर्यंत त्यातल्या बहुतेक शब्दांपुढे टिक होती. आता ती बसची पाटी, औषधाचं पाकीट, सोसायटीची नोटीस, काय दिसेल ते वाचत सुटते. तेव्हा मी पाचपैकी पाच दिले असते.

आता मशीन. तळमजल्यावर जिन्याखाली आहे, तीन नळांचं. ऑगस्टमध्ये मुलगी रोज बाटली रिकामी घेऊन यायला लागली, मला वाटलं पाणी पितेय छान. मग एक दिवस म्हणाली की बाटली अकराला संपते आणि खालचं पाणी मॅडम पिऊ नका म्हणतात. दुसऱ्या दिवशी जाऊन बघितलं तर मधल्या नळाला तोटीच नाही, चिंधी बांधलेली, बाजूच्या नळाला हात लावला तर बुळबुळीत, आणि मशीनवरच्या स्टिकरवर शेवटच्या सर्व्हिसची तारीख त्याच्या मागच्या वर्षीची. खिचडी खाऊन झाली की पोरं ओळीने तिथेच यायची आणि परत जायची. तीन नळांपैकी एक चालू, तो पण करंगळीएवढा.

हेडमास्तर सरांना विचारलं. चांगले आहेत, त्यांनी पत्रांची फाईलच काढून दाखवली. पण उत्तर कोणाचंच धड नाही. वॉर्डात विचारलं तर शाळेची इमारत आमच्याकडे येत नाही. इमारतीचं काम बघणारे म्हणतात आम्ही बांधकाम, प्लंबिंग बघतो, मशीन वेगळ्या टेंडरमधलं. टेंडरवाला कॉन्ट्रॅक्टर म्हणतो एएमसी, म्हणजे देखभालीचा वार्षिक करार, संपली, रिन्यू झाली की माणूस पाठवतो. एएमसी का रिन्यू झाली नाही तर प्रस्ताव वर गेलाय. हेल्पलाइनला फोन केला, तक्रार नंबर मिळाला, काही दिवसांनी मेसेज आला की तक्रार बंद करण्यात आली आहे. मशीन जसंच्या तसं. एवढा राग मला आयुष्यात कमी वेळा आलाय. सात तलावांचं पाणी, त्यातलं काही शंभर किलोमीटरवरून, आणून शुद्ध करून घराघरात देणारी ही महापालिका, २०२५-२६ चं बजेट ७४ हजार कोटींच्या वर, त्यात शिक्षणाचं जवळपास ३,९५५ कोटी, आणि आठ वर्षांच्या पोराला दुपारी एक ग्लास पाणी नाही.

आमच्या खालच्या मजल्यावरचे काका फिल्टर दुरुस्तीचं काम करतात, त्यांना सरांच्या परवानगीने घेऊन गेले. त्यांनी मीटर घालून नळाचं पाणी मोजलं, टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, शंभरच्या आत. म्हणाले ताई, मानकाप्रमाणे ५०० पर्यंत चालतं, मुंबईच्या पाण्याला आरओ, म्हणजे क्षार काढणारा फिल्टर, लागतच नाही, इथे आरओ बसवून त्याचा मेम्ब्रेन, आतला पडदा, चोंदतोय आणि निम्म्याहून जास्त पाणी गटारात जातंय, टाकी साफ ठेवा, फिल्टरची कॅण्डल बदला, जंतू मारणारा एक यूव्ही लॅम्प लावा, संपलं. खर्च सांगितला तो आम्ही पालकांनी वर्गणी काढून दिला असता, पण सरांचा हात बांधलेला, सरकारी मशीन बाहेरच्या माणसाने उघडलं की उद्या जबाबदारी कोणाची. त्यांचं पण बरोबर आहे. मग आम्ही काही जणी मुलांना दोन-दोन बाटल्या द्यायला लागलो. दप्तराचं वजन वाढलं, आणि ज्यांच्या आया सकाळी सहाला धुण्याभांड्याच्या कामाला जातात त्या मुलांची एक बाटली पण भरलेली नसायची, हे जास्त लागतं मनाला.

तेव्हा माझं ठाम मत होतं की हे सगळं नगरसेवक नसल्यामुळे. मार्च २०२२ मध्ये मुदत संपली तेव्हापासून प्रशासक, २२७ च्या २२७ वॉर्डांत लोकांचा माणूस नाही, शिक्षण समिती नाही, तर अधिकाऱ्याला जाब कोण विचारणार? माजी नगरसेवकांकडे गेले होते, ते प्रेमाने बोलले पण माझ्या फोनला आता पूर्वीसारखा मान नाही म्हणाले.

याच काळात दुसरी गोष्ट घडली. दिवाळीनंतर मॅडम मतदार यादीच्या कामाला गेल्या, आठवड्यात कधी दोन दिवस कधी तीन. निवडणुकीचं काम शिक्षकांना देता येतं, आरटीईतच तशी सूट आहे, निवडणूक, जनगणना आणि आपत्ती, त्यामुळे तक्रार कोणाची करणार. पण मॅडम गेल्या की बदली कोणी नाही. तिसरीच्या दोन्ही तुकड्या एकाच वर्गात, ऐंशीच्या वर मुलं, एका बाकावर चार-चार, आणि फळ्यावरचं उतरवून घ्या. ते वाचन बंद, शेवटच्या पानावर नवे शब्द येईनात. जानेवारी संपेपर्यंत हे असंच. माझे पाच स्टार इथे साडेतीनवर आले. मॅडमबद्दल नाही, त्या तर रात्री नऊला सुद्धा ग्रुपवर उत्तर द्यायच्या. आणि एप्रिल ते सप्टेंबर २०२६ मध्ये जनगणनेचं घरांच्या यादीचं काम आहे, म्हणजे चौथीत पण हेच होणार का, याचं उत्तर मला अजून कोणी दिलेलं नाही.

बसचं पण लिहायला हवं. मुलीला पास आहे, मला नाही. ९ मे २०२५ पासून बेस्टचं साधं तिकीट पाचाचं दहा झालं, एसीचं सहाचं बारा. सोडायला-आणायला माझ्या रोजच्या चार फेऱ्या, वीसचे चाळीस झाले. त्यात आमच्या मार्गावरच्या गाड्या कमी झाल्यात, बस वेळेत आली नाही की शेअर रिक्षा. फीमधून वाचलेल्यातले महिन्याला हजाराच्या आसपास इथे जातात. तरी हिशोब खूपच फायद्यात आहे, पण शाळा फुकट म्हणताना हे धरा.

१५ जानेवारी २०२६ ला पालिकेचं मतदान झालं. प्रचारात जो दारात आला त्याला मी एकच विचारलं, शाळेतलं मशीन कधी चालू होणार. झेंडा कुठला ते बघितलं नाही. निवडून आलेल्या नगरसेवकाकडे मी परत गेले, सोबत शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव घेऊन. या समितीत कायद्यानेच तीन चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या बायका, पण बहुतेक ठिकाणी सही करायला बोलावतात. आम्ही दोघी-तिघींनी बसून ठराव नीट लिहिला: कुठलं मशीन, कधीपासून बंद, कोणकोणाला पत्र गेलं, तारखांसकट. आणि फेब्रुवारीत खरंच अभियंता आला, पाठोपाठ कॉन्ट्रॅक्टरचा माणूस, नवी तोटी, नवी कॅण्डल, तीनही नळांना पाणी. मुलीने घरी येऊन सांगितलं की आज आम्ही खाली रांग लावली. त्या दिवशी मला वाटलं झालं, नगरसेवक आला आणि प्रश्न सुटला.

मार्चमध्ये परत बंद.

कारण माणूस आला होता फोनवरून, एएमसी अजून झालेलीच नाही. आरओ तोच, मेम्ब्रेन परत चोंदला. आता नगरसेवकाला परत फोन केला तर नवं मोठं कूलर बसवून देतो असं उत्तर आलं, त्याच्या निधीतून. मला नवं कूलर नको. ते उद्घाटनापुरतं चकाचक असेल आणि पुढच्या पावसाळ्यात त्याच्या पण नळाला चिंधी. म्हणून माझं मत आता थोडं बदललंय. लोकप्रतिनिधी हवाच, चार वर्षं तो नव्हता तर एक तोटी बसायला सहा महिने लागले हे मी स्वतः पाहिलं. पण त्याच्याकडे वस्तू मागण्यापेक्षा देखभालीचा करार मागायला हवा, आणि मशीनवर जबाबदार माणसाचं नाव, नंबर आणि पुढच्या सर्व्हिसची तारीख. वर्गशिक्षक निवडणुकीच्या नाहीतर जनगणनेच्या कामाला जाणार असेल तर बदली शिक्षक कोण हे आधी लेखी. एवढ्याच दोन गोष्टी. यात कोटी-बिटी लागत नाहीत.

घालायचं की नाही, तर घाला. शिकवण्याला माझे साडेचार, सोयींना दोन. ॲडमिशनच्या आधी शाळेत जाल तेव्हा डिजिटल क्लासरूम दाखवतील, ती बघाच, पण जिन्याखाली जाऊन प्रत्येक नळ सोडून बघा, स्टिकरवरची तारीख वाचा, मंजूर शिक्षक किती आणि हजर किती ते विचारा, आणि व्यवस्थापन समितीची शेवटची बैठक कधी झाली ते पण. समितीत नाव द्यायला मागेपुढे बघू नका, तिथलं कागदावर आलेलं बोलणं साहेबांना टाळता येत नाही. धाकट्याचा फॉर्म मी याच शाळेसाठी भरलाय. मशीनचा नवा ठराव सोमवारी देतोय, आमच्या शाळेतल्या ज्या पालकांना सही करायची आहे त्यांनी सकाळी साडेसातला गेटजवळ या.