सोनी ए ६४००: गुलाल, लाल माती आणि चार लेन्स

सोनीनं ए ६४०० हा कॅमेरा जाहीर केला जानेवारी २०१९ मध्ये. कॅमेऱ्यांच्या हिशेबानं हे पेन्शनीचं वय. तरी हौसेच्या पुढं जाऊन लग्नं, मैदानं, यात्रा टिपायच्या असतील आणि बजेट आवरतं असेल, तर आजही हा घेण्यासारखा आहे. कारण एकच, ऑटोफोकस. फोकस धरणारे ४२५ फेज डिटेक्शन बिंदू फ्रेमचा जवळपास ८४ टक्के भाग व्यापतात, आणि एकदा का रिअल-टाइम ट्रॅकिंगनं माणूस पकडला की तो गर्दीत वळला, वाकला, पाठमोरा झाला तरी चौकट त्याच्यावरून सहसा सुटत नाही. या बाबतीत नाद खुळा.

पण बॉडीत स्टॅबिलायझेशन, म्हणजे हात हलला तरी चित्र स्थिर ठेवणारी सोय, नाही. हे वाक्य दुकानात शेवटी सांगतात, ते आधी ऐकायला हवं, कारण लेन्स कोणती घ्यायची हे त्यावरच ठरतं.

बॉडीबद्दल आधी थोडक्यात. सेन्सर एपीएस-सी, २४.२ मेगापिक्सेल. बॅटरी-कार्डासह वजन ४०३ ग्रॅम. आयएसओ, म्हणजे सेन्सरची प्रकाशाची संवेदनशीलता, ३२०० पर्यंत निर्धास्त; ६४०० ला नॉइज, म्हणजे चित्रातले दाणे, काढायचं सॉफ्टवेअर हवं. वरची एक डायल आणि मागचं चाक, एवढ्यावरच सगळं चालतं. बोटाजवळ पुढची डायल नाही, त्यामुळं मॅन्युअल मोडवाल्यांची सुरुवातीला चिडचिड होते. टचस्क्रीन फोकसपुरती, मेनूत बोट चालत नाही. कार्डाचा खाचा बॅटरीच्याच कप्प्यात, खालून. ट्रायपॉडची प्लेट लावली की झाकण अडतं, कार्ड बदलायला प्लेट काढावी लागते. नवा कॅमेरा हातात आल्यावर पहिलं काम म्हणजे मेनूतलं 'रिलीज विदाऊट कार्ड' बंद करा. कंपनीकडून ते चालू येतं आणि कार्ड नसतानाही शटर खुशाल वाजत राहतं.

बॅटरी एनपी-एफडब्ल्यू ५०. कंपनीच्या मोजणीनं स्क्रीनवर ४१० आणि व्ह्यूफाइंडरवर ३६० फोटो. हळदीपासून वरातीपर्यंतच्या दिवसाला चार बॅटऱ्या धरून चाला. वेगळा चार्जर डब्यात येत नाही, केबलनं कॅमेऱ्यातच चार्ज होते. तो चार्जर आधी विकत घ्या, मग फिल्टर, मग बॅग. पॉवर बँकवरही कॅमेरा चालतो, पण पोर्ट मायक्रो यूएसबीचा आहे आणि नाजूक आहे. केबल जोडून फिरायचं असेल तर ती कॅमेऱ्याभोवतीच्या धातूच्या पिंजऱ्याला (केजला) किंवा पट्ट्याला चिकटपट्टीनं बांधून ठेवा, ताण पोर्टवर येऊ देऊ नका.

आता लेन्स. बॉडीबरोबर येणारी १६-५० पॉवर झूम फक्त ११६ ग्रॅमची आणि तिच्यात स्टॅबिलायझेशन आहे. कोल्हापुरात रंकाळा तलावाच्या कठड्यावर कोपरं टेकवून १/८ सेकंदालाही तीक्ष्ण फोटो मिळू शकतो. एफचा आकडा जितका लहान तितका जास्त प्रकाश आत येतो; एफ ५.६ ला मंगल कार्यालयात मात्र ती आंधळी होते. बहुतेक जण ती विकून सिग्मा १८-५० एफ २.८ घेतात, आणि बरोबरच करतात. २९० ग्रॅम, सगळ्या टप्प्यांवर एफ २.८, मागच्या माउंटला रबरी सील. पण हिच्यात स्टॅबिलायझेशन नाही, बॉडीतही नाही. म्हणून ५० एमएमवर शटर १/८० च्या खाली न्यायचं नाही. दिव्यांमुळं खरं तर १/१०० च धरा, त्याचं कारण पुढं येतंय. हातात धरून व्हिडिओ घ्यायचा बेत असेल तर गिम्बलचा, म्हणजे कॅमेरा स्थिर धरणाऱ्या मोटरवाल्या दांड्याचा, खर्च आत्ताच जोडा. आणि झपकन पॅन केलं की उभे खांब तिरके होतात. यात या सेन्सरचा मंदपणा आहे, लेन्सचा दोष नाही.

याच १८-५० ची खरी मजा गुजरीतल्या, म्हणजे कोल्हापूरच्या सराफ बाजारातल्या, कामात कळते. साज, चिंचपेटी, ठुशी टिपायची म्हटलं की लोक मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून टिपणारी लेन्स, शोधायला लागतात. १८ एमएमवर ही लेन्स १२.१ सेंटिमीटरवरून फोकस करते, म्हणून सगळे १८ वर जवळ जातात. पण हे अंतर सेन्सरपासून मोजलेलं असतं. लेन्सची लांबी वजा केली की समोरच्या काचेपासून साजापर्यंत जेमतेम अडीच सेंटिमीटर उरतात. लेन्सची सावली थेट सोन्यावर, हूड लावलेला असेल तर तो टेकतोच, आणि रुंद कोनामुळं मधलं पान फुगलेलं दिसतं. त्यापेक्षा ५० एमएमवर या, ३० सेंटिमीटरवर थांबा, एफ ८, कॅमेरा ट्रायपॉडवर, दोन सेकंदांचा टायमर. इथं फोकसची खोली, म्हणजे पुढं-मागं जेवढं अंतर तीक्ष्ण राहतं ते, साधारण एक सेंटिमीटर मिळते. साज सपाट काळ्या मखमलीवर ठेवला तर मासा, कासव, चंद्र ही सगळी पानं एकाच वेळी तीक्ष्ण येतात. मानेच्या स्टँडवर घातला तर बाजूची पानं मऊ पडणारच. दिवा एका बाजूनं आणि समोरून पांढरा पुठ्ठा. दुकानातले छतातले दिवे बंद करता आले तर करा, प्रत्येक मण्यात त्यांचा ठिपका उमटतो.

दुसरी लेन्स सिग्मा ५६ एफ १.४. ३५ एमएमच्या, म्हणजे मोठ्या फुल-फ्रेम सेन्सरच्या, हिशेबात ८४ एमएम, २८० ग्रॅम. नवरा-नवरीच्या एकेकट्या फोटोंसाठी आपल्याला हीच सगळ्यात आवडते. हिचा एक घोटाळा मुंडावळ्यांशी होतो. डोळा ओळखणारा ऑटोफोकस डोळ्यावर चौकट दाखवतो, पण गालावर लोंबणारी मोत्याची सर डोळ्याच्या पुढं हलत असते आणि फोकस कधी कधी तिच्यावर जाऊन बसतो. दोन मीटरवरून एफ १.४ ला फोकसची खोली फक्त सात सेंटिमीटरच्या आसपास असते, त्यात मोती तीक्ष्ण आणि पापणी मऊ असा फोटो येतो. कॅमेऱ्याच्या छोट्या स्क्रीनवर तो बरा दिसतो, अल्बमच्या पानावर चोरी पकडली जाते. एफ २.८ ला या, खोली दुप्पट होते. अंतरपाटाच्या वेळी करवल्यांचे चेहरेही मध्ये येतात. त्यासाठी मेनूत फेस रजिस्ट्रेशन आहे. सकाळीच नवरा-नवरीचे चेहरे नोंदवून त्यांना प्राधान्य द्या, पाच मिनिटांचं काम आहे.

दिव्यांचं गणित असं. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणजे ट्यूब आणि स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. शटर १/५० किंवा १/१०० ठेवलं तर प्रत्येक फोटोत प्रकाश सारखा. १/२५० ला गेलात की एक फोटो उजळ, पुढचा पिवळट काळा. सायलेंट शटर तर कार्यालयात लावूच नका, आडवे पट्टे हमखास. व्हिडिओसाठी मेनूत पाल (एनटीएससी नव्हे) ही पद्धत निवडून सेकंदाला २५ फ्रेम, शटर १/५०. यात दुसरा फायदा असा की फोर-केमध्ये ३० फ्रेमला हा कॅमेरा चित्र साधारण १.२ पट कापतो, २५ ला कापत नाही. फक्त आधीचं कार्ड एनटीएससीत फॉरमॅट केलेलं असेल तर ते पुन्हा फॉरमॅट करायला सांगेल. तेव्हा हा बदल आदल्या रात्री करून ठेवा, मुहूर्तावर नको.

जोतिबाची चैत्र यात्रा हा या कॅमेऱ्याचा सगळ्यात वाईट दिवस. सोनी धूळ-ओलाव्याला विरोध करणारी रचना म्हणते, पण गुलाल वेगळा. तो पिठासारखा बारीक असतो आणि घामाचा हात लागला की त्याची लुगदी होते. इथं झूम नको. पॉवर झूम तर मुळीच नको. कॅमेरा चालू-बंद केला की तिची नळी आत-बाहेर होते आणि चिरेतला गुलाल आत ओढला जातो. मग मोटर अडते आणि स्क्रीनवर पॉवर बंद करून चालू करा असा संदेश येत राहतो. १८-५० ची नळीही झूम करताना बाहेर येते, म्हणजे भात्यासारखी हवा ओढते.

वाडी रत्नागिरीवर, म्हणजे जोतिबाच्या डोंगरावर, न्यायची ती सिग्मा १६ एफ १.४. ४०५ ग्रॅम, जरा बोजड, पण बाहेरून काहीच हलत नाही, आणि सासनकाठी, म्हणजे यात्रेत नाचवतात ती उंच काठी, बुंध्यापासून शेंड्यापर्यंत उभ्या फ्रेममध्ये बसवायला हा रुंद कोन लागतोच. घरी लेन्स लावा, ती घरी येईपर्यंत काढू नका. या कॅमेऱ्यात लेन्स काढली की सेन्सर उघडाच असतो, पुढं शटरचा पडदा येत नाही. जाड पारदर्शक पिशवीला लेन्सएवढं भोक, हूडवर रबरबँड, पुढं यूव्ही फिल्टर. एवढं केलं की पुरे.

फोकस इथं कॅमेऱ्यावर सोडू नका, उधळलेल्या ढगातल्या कणांमागं तो धावतो. एफ ८ ला दोन मीटरवरच्या माणसावर फोकस करा आणि मग मॅन्युअलला टाका. १६ एमएमवर साधारण एक मीटरपासून अनंतापर्यंत सगळं तीक्ष्ण राहतं. चांगभलं म्हणत मुठी वर गेल्या की फक्त बटण दाबायचं.

रंगाचं जास्त बघा. रंग आपोआप जुळवणाऱ्या ऑटो व्हाइट बॅलन्सला एवढा गुलाबी सोसत नाही, तो चित्र हिरवट-निळं करून टाकतो; डेलाइटवर ठेवा. आणि लाल चॅनल सगळ्यात आधी फुटतो. शूटिंग करताना दिसणारा हिस्टोग्राम, म्हणजे चित्रातल्या उजेड-अंधाराचा आलेख, फक्त एकूण उजेडाचा असतो, तो ठीक दिसतो आणि गुलाल मात्र सपाट गुलाबी डाग होऊन बसतो. प्लेबॅकमध्ये आरजीबी हिस्टोग्राम उघडून बघा, लाल रेघ उजव्या भिंतीला टेकली असेल तर एक्स्पोजर उणे ०.७ करा.

घरी आल्यावर ओलं फडकं अजिबात नको. कॅमेरा उलटा धरून आधी रबरी ब्लोअर, मग मऊ ब्रश, मग कोरडं मायक्रोफायबर, आणि काचेवर शेवटी एक थेंब लिक्विड. तोंडानं फुंकर मारली की थुंकी आणि गुलाल दोन्ही काचेवर.

खासबागेतल्या कुस्त्या आणि शाहू स्टेडियमवरचा फुटबॉल यांसाठी सोनी ७०-३५० जी. ६२५ ग्रॅम, ३५ एमएमच्या हिशेबात १०५-५२५, आणि स्टॅबिलायझेशन आहे. दिवसा उत्तम. प्रकाशझोतात एफ ६.३ म्हणजे आयएसओ आकाशाला, तेव्हा हौद्याच्या, म्हणजे कुस्तीच्या मातीच्या आखाड्याच्या, जवळ बसायला मिळत असेल तर ५६ बरी. कुस्तीत डोळ्यांवरचा फोकस बंद करा. दोघं एकमेकांत गुंतले की कुणाचाच चेहरा दिसत नाही, आणि कॅमेरा मागच्या पंचांचा चेहरा पकडतो. ट्रॅकिंग एक्सपांड फ्लेक्सिबल स्पॉटवर, ट्रॅक सेन्सिटिव्हिटी 'लॉक्ड ऑन'च्या बाजूला, शटर १/८००. चौकट मल्लाच्या लांगेवर ठेवा, ती मातीत सगळ्यात उठून दिसते.

फुटबॉलला १/१०००. सेकंदाला ११ फ्रेमचा मोह टाळा. त्या वेगात व्ह्यूफाइंडरमध्ये आत्ताचं नाही, नुकतं टिपलेलं चित्र दिसतं आणि चेंडूचा माग सुटतो. ८ फ्रेमला खरं दृश्य दिसतं. शिवाय रॉ (प्रक्रिया न केलेल्या) फोटोंचा बफर, म्हणजे कार्डावर लिहीपर्यंत फोटो साठवणारी जागा, साधारण ४६ फोटोंचा, ११ च्या वेगानं चार सेकंदांत भरतो. जास्त वेगाचं यूएचएस-२ कार्ड घेऊन उपयोग नाही, खाचा यूएचएस-१ चा आहे. गोलकीपर सावरेपर्यंत कॅमेरा लिहीतच बसतो. दाजीपूरच्या गव्यांसाठीही हीच लेन्स, फक्त अंधार पडायच्या आत.

फिल्टरचं एक बरं आहे. १८-५० आणि ५६ दोन्ही ५५ एमएमच्या, १६ आणि ७०-३५० दोन्ही ६७ च्या. दोन मापांत चारही लेन्स भागतात.

जून ते सप्टेंबर मात्र कॅमेऱ्याला बुरशीचे महिने. झाकण घट्ट बसणारा प्लॅस्टिकचा डबा, आत आर्द्रतामापक आणि सिलिका जेल, काटा ४० ते ५० टक्क्यांवर ठेवा. जेलचा रंग बदलला की ते तापवून पुन्हा वापरता येतं, पण स्वयंपाकाच्या कढईत नको. चामड्याची बॅग किंवा केस ठेवणीला अजिबात चालत नाही, चामडं ओल धरून बसतं. कोल्हापुरात चामडं पायातच शोभतं. पन्हाळ्यावर एसी गाडीतून उतरलात तर कॅमेरा अर्धा तास बंद बॅगेतच राहू द्या, नाहीतर काचेवर धुकं बसतं.

सेकंडहँड घेताना या गोष्टी तपासा. आयएसओ १००, एफ १६, फोकस बिघडवून पांढऱ्या भिंतीचा फोटो. काळे ठिपके म्हणजे सेन्सरवर धूळ. ब्लोअरनं न गेलेले आणि कडेला गुलाबी झाक असलेले ठिपके असतील तर भाव पाडा. लेन्समधून मोबाइलचा टॉर्च मारून कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे, म्हणजे बुरशी, दिसतात का बघा. दिसले तर ती लेन्स कितीही स्वस्त असली तरी बाकीच्या लेन्सच्या डब्यात ठेवू नका. केबल जोडून ती हळूच हलवा, चार्जिंगचा दिवा लुकलुकला तर पोर्ट सैल आहे. स्क्रीन पूर्ण वर वळवून चित्र जातं का बघा. आणि पॉवर झूम बरोबर देत असतील तर कॅमेरा दहा वेळा चालू-बंद करा, नळी प्रत्येक वेळी एकाच दमात बाहेर यायला हवी.