हौशी साल्सा स्पर्धा: डीजे फर्स्ट क्लास, फ्लोअर नापास, जॅक अँड जिल पैसे वसूल

आधी निकाल सांगून टाकते म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांचं काम होईल. स्पर्धा चांगली होती, म्युझिक जबरदस्त, जजिंग वाटलं होतं त्यापेक्षा कितीतरी सरळ, पण ज्या फ्लोअरवर लोकांना नाचायला लावलं तो बघून आयोजकांपैकी कोणी हील घालून त्यावर एक तरी टर्न मारून बघितला होता का असा प्रश्न पडला. आमच्या ग्रुपमधली एक जोडी हौशी कपल्समध्ये उतरली होती, एक मैत्रीण एकटीच जॅक अँड जिलला, म्हणजे चिठ्ठीने पार्टनर मिळतो त्या प्रकाराला, आणि आम्ही बाकीचे बॅगा सांभाळायला, व्हिडिओ काढायला आणि घसा बसेपर्यंत ओरडायला. मी पण क्लासला जाते पण स्टेजवर जायची खाज मला नाही, त्यामुळे हा रिव्ह्यू थोडा प्रेक्षकाचा आणि थोडा विंगेतल्या हमालाचा आहे असं समजा.

फॉर्म भरण्यापासूनच गोंधळ सुरू. हौशी म्हणजे नक्की कोण? नियमात एकच ओळ होती, शिकवून किंवा परफॉर्म करून पैसे घेणारे चालणार नाहीत. मग क्लासमध्ये असिस्टंट म्हणून उभे राहणारे, ज्यांना पैसे मिळत नाहीत पण फी माफ असते, ते कुठे बसतात? एक जोडी वॉर्मअपलाच दुसऱ्या एका जोडीला "खांदे खाली, फ्रेम सोडू नका" म्हणून करेक्ट करत होती, आणि ही पण हौशीच बरं का! नंतर तीच जोडी पहिली आली, नाचली पण सुंदर, वाद नाही, पण सहा महिने क्लास केलेल्या पोरांसोबत त्यांना एकाच कॅटेगरीत घातलं की पोरांचं तोंड पडणारच. नवशिके आणि हौशी असे दोन गट केले असते तर हा विषयच आला नसता.

एक नियम मात्र मला फार आवडला. ऑन वन किंवा ऑन टू काहीही नाचा, पण ज्यावर सुरू कराल त्यावरच टिका. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, साल्सात आठचा काउंट असतो, पावलं पडतात १, २, ३ आणि ५, ६, ७ ला, ४ आणि ८ रिकामे. दिशा बदलायचं जे पाऊल असतं, म्हणजे ब्रेक, ते १ आणि ५ ला घेतलं की ऑन वन, २ आणि ६ ला घेतलं की ऑन टू. ऑन टू ही न्यूयॉर्कची शैली, तिथल्या एडी टोरेसने ती शिकवून शिकवून जगभर पोचवली, आणि कोंगा या ड्रमवरची चापट २ आणि ६ ला पडते म्हणून ते लोक म्हणतात की आम्ही ड्रमसोबत नाचतो. आमची जोडी ऑन वनवालीच. पण बऱ्याच जोड्या ऑन टूने ऐटीत सुरू करून टेन्शनमध्ये हळूच ऑन वनवर घसरत होत्या आणि त्यांना स्वतःला पत्ताच नव्हता, जजना मात्र बरोबर कळत होतं.

आता फ्लोअर. यावर जरा जास्त बोलणारे मी, कारण बाकी सगळं कुरकुर म्हणून सोडून देता येतं, हे नाही. काँक्रीटवर थेट टाइल्स, त्यावर व्हिनाइलच्या शीट्स अंथरलेल्या आणि जोडांवर चिकटपट्टी. डान्स शूजचा तळ स्वेडचा असतो, म्हणजे गोल फिरायला पुरेसा घसरेल आणि थांबायचं म्हटलं की धरेल असा हिशोब असतो त्याचा. त्या शीटवर स्वेड आधी चिकटत होता, गुडघ्याला मुरगळ बसेल इतका, आणि मग दुपारपर्यंत धूळ बसून उलटा घसरायला लागला. आमची मैत्रीण विंगेत जमिनीवर बसून तारेच्या ब्रशने सोल घासत होती, चपटी झालेली लव परत उभी करायला, घासून झालं की ओल्या फडक्यावर दोन पावलं दाबायची, उभं राहून एक स्पिन मारून बघायची, परत बसायची. हे चालू असताना कोणीतरी अतिशहाण्याने कोपऱ्यात टाल्कम पावडर टाकली. बस, पुढच्या तीन जोड्या त्या कोपऱ्यात गेल्या की बर्फावर गेल्यासारख्या, एका मुलीचा हात टेकलाच. स्वयंसेवकाने येऊन पुसलं पण कोरड्या फडक्याने, म्हणजे पावडर कोपऱ्यातून निघून सगळीकडे गेली. लाकडी फ्लोअर परवडत नसेल तर निदान "पावडर, तेल काही टाकायचं नाही" एवढी एक सूचना माइकवरून द्यायला काय जातं? स्पॉन्सरची नावं दर पंधरा मिनिटांनी वाचायला वेळ होता की!

डीजेला मात्र पूर्ण मार्क. जॅक अँड जिलच्या पहिल्या फेरीला त्याने मिनिटाला साधारण १८० बीट्सची गाणी लावली. ऐकायला आकडा वाटतो, पण सेकंदाला तीन बीट्स म्हणजे आठचा अख्खा फेरा पावणेतीन सेकंदांच्या आत संपतो आणि तेवढ्यात लीडने पुढची मूव्ह ठरवून हाताने सांगायची आणि फॉलोने ती ओळखून करायची. फायनलला गाणी आणखी चढवली. गाण्यांची निवडही अशी की मधे पियानोचा एकटा तुकडा, मग टिंबालेस ड्रमचा तडाखा, मग एकदम सगळं थांबतं तो गाण्यातला ब्रेक, म्हणजे कोण ऐकतंय आणि कोण नुसता काउंट मोजतंय ते उघडं पडणारच.

आणि प्रेक्षकांच्या टाळ्या! आम्ही सगळे आपापल्या तालात बडवत होतो, त्यामुळे स्टेजवरच्यांचा काउंट हलत होता, हे निवेदकाच्या लक्षात आलं आणि त्याने थांबवून सगळ्या हॉलला क्लावे, म्हणजे साल्साच्या गाण्यांचा मूळ ताल, शिकवला. आठ काउंटमध्ये पाच टाळ्या, १ ला, मग २ आणि ३ च्या मधोमध, मग ४, ६, ७. पहिल्या अर्ध्यात तीन, दुसऱ्यात दोन. पहिल्यांदा नुसता गदारोळ झाला, दुसऱ्यांदा पण, पण नंतर एकदम बसलं आणि अख्खा हॉल एका सुरात ठोकायला लागला तेव्हा शेजारचे आजोबा, जे नातीला सोडायला आले होते आणि मगाशी पेंगत होते, ते सरळ होऊन बसले. त्याच निवेदकाने साल्साचा इतिहास मात्र "क्युबामध्ये जन्मला" असं म्हणून एका वाक्यात गुंडाळला. अरे, सोन हा संगीतप्रकार क्युबाचा, मान्य, पण त्यातून साल्सा घडला तो न्यूयॉर्कमधल्या प्युर्टोरिकन आणि क्युबन लोकांच्या हातून, आधी पॅलेडियम बॉलरूममधला मॅम्बो, मग १९६४ ला जॉनी पाचेको आणि जेरी मासुचीने फानिया रेकॉर्ड्स ही कंपनी काढली आणि तो आवाज घरोघरी गेला. असो, माइक त्याच्याकडे होता.

आता आमच्या जोडीचं काय झालं ते. रूटीन दोन मिनिटांचं, गाणं कापून बसवलेलं, पेन ड्राइव्हवर दिलेलं, मेलवर पण पाठवलेलं. दोघं पोझ घेऊन उभे, लाइट पडला, आणि साउंडवाल्याने लावलं ते न कापलेलं पूर्ण गाणं. कापलेल्या गाण्यात पहिल्याच ठोक्याला ट्रम्पेट येतो, इथे आपला संथ पियानो चाललाय. मी समोरून बघत होते, त्याने मान न हलवता फक्त डोळे तिच्याकडे फिरवले, तिने खांदे किंचित उडवले, आणि दोघांनी पोझ मोडून चक्क सोशलसारखं नाचायला सुरुवात केली. साधा बेसिक, क्रॉस बॉडी लीड, एक राइट टर्न, मग कोंगा ऐकू आला तसे हात सोडून शाइन्स, म्हणजे ज्याची त्याची एकट्याची पावलं, तिने सुझी क्यू नावाची स्टेप धरली, त्याने काहीतरी भलतंच केलं आणि तिला हसू फुटलं, ते हसू पण खरं. महिनोन्‌महिने घासलेल्या त्या रूटीनमध्ये मी त्यांना असं कधी बघितलं नव्हतं!

आयोजकांना इथे शाबासकी द्यायला पाहिजे, त्यांनी वाद न घालता लगेच कबूल केलं की चूक आमच्या साउंडची, नियमाप्रमाणे शेवटी परत नाचा. परत नाचले, बरोबर गाण्यावर, प्रत्येक काउंट जागेवर, शेवटचा डिप पण स्वच्छ. आणि नाच मेलेला. मार्क अर्थातच दुसऱ्या वेळचे धरले. नियम म्हणून ते बरोबरच आहे, पण माझ्या फोनमध्ये पहिल्या वेळचा व्हिडिओ आहे आणि ग्रुपवर तोच फिरतोय.

जजिंगबद्दल बाहेर बरीच कुजबुज होती, त्यातली अर्धी पद्धत न कळल्यामुळे. पाच जज, बघायचं काय ते छापलेलं होतं: टायमिंग, टेक्निक, पार्टनरिंग, म्युझिकॅलिटी, प्रेझेंटेशन. फायनलला मार्कांची बेरीज नसते, प्रत्येक जज फक्त नंबर लावतो आणि ज्या जोडीला बहुसंख्य जजनी पहिला दिला ती पहिली. म्हणजे एका जोडीला १, १, १, ५, ५ आणि दुसरीला पाचही जणांकडून २ मिळाले तर बेरजेने दुसरी जिंकायला हवी, १३ विरुद्ध १०, पण या पद्धतीत पहिली जिंकते कारण पाचातल्या तिघांनी तिला वर ठेवलंय. याला स्केटिंग सिस्टिम म्हणतात, बॉलरूम डान्सवाले पूर्वीपासून वापरतात, एखादा जज आपल्या लाडक्या जोडीला फुगवायला गेला तरी त्याचा एकट्याचा फार उपयोग होत नाही. मला पटते. आणि सगळ्या जजचे नंबर तक्ता करून दाराजवळ लावले होते, हे सगळ्यात भारी, कारण मग "सेटिंग होतं" म्हणणाऱ्यांना तिथेच बोट ठेवून दाखवा म्हणता येतं.

फीडबॅकचे कागद पण दिले, हाताने लिहिलेले. आमच्या जोडीतल्या मुलीच्या कागदावर एका जजने लिहिलं होतं, टर्नचा सिग्नल यायच्या आधीच तुझा हात वर जातो. ती आधी भडकली, मग व्हिडिओ लावला, स्लो केला, आणि खरंच, पार्टनरने हात उचलायच्या एक काउंट आधी हिचा कोपर निघालेला. रूटीन पाठ असलं की हे होतंच, फॉलो ऐकणं सोडून देते. इतके दिवस क्लासमध्ये कोणी हे सांगितलं नव्हतं, त्यामुळे फीचे पैसे माझ्या मते इथेच सुटले.

आणि जॅक अँड जिल, अहाहा. मूळ हा प्रकार स्विंग डान्सवाल्यांचा, लीड आणि फॉलोच्या चिठ्ठ्या काढायच्या, जो पार्टनर येईल तो, जे गाणं लागेल ते. कपल्स बघताना लोक मधेच फोन बघत होते, इथे एकाचीही मान खाली नाही. आमच्या मैत्रिणीला चिठ्ठीत निघाला क्युबन स्टाइलवाला. आता ही शिकलेली सरळ रेषेत, लीड बाजूला होतो आणि फॉलो एका पट्टीवर आरपार जाते, आणि तो कॅसिनो नाचणारा, त्यात दोघं एकमेकांभोवती गोल फिरतात. पहिले दोन-तीन फेरे म्हणजे नुसती झोंबाझोंबी, ही सरळ निघायची आणि तो त्या जागी नसायचाच. मग त्याने अवघड हातगुंते सोडले, साधं चालवत नेलं, तिने पण रेषेचा हट्ट सोडला आणि गाण्यात ब्रेक आला तेव्हा दोघं एकाच क्षणी थांबले, न ठरवता. हॉल उठून ओरडला. ती फायनलला गेली, तिथे दुसरा पार्टनर मिळाला, नंबर आला नाही, पण परतताना ती जितकी बडबडत होती तितकी कपल्समधली मेडलवाली जोडी पण बोलत नसेल.

जाणाऱ्यांसाठी दोन-चार गोष्टी. पुढच्या रांगेत बसू नका, स्टेज उंच असलं की पाय दिसत नाहीत आणि साल्सात पायच दिसले नाहीत तर काय बघणार, मागे किंवा वर बाल्कनीत जा. वेळापत्रकावर विश्वास नको, आमचं सगळं दोन तास उशिरा सुरू झालं आणि नाचणारे वॉर्मअप करून गार पडून परत वॉर्मअप करत होते. निकालानंतर लगेच पळू नका, फ्लोअर सगळ्यांना खुला होतो आणि जज स्वतः खाली उतरून नवशिक्यांसोबत नाचतात, ते बघण्यासारखं असतं, आणि विचारलंत तर नाही म्हणत नाहीत. उतरणार असाल तर फॉर्म भरायच्या आधी मेल करून विचारा की फ्लोअर कसला आहे आणि साउंडची चूक झाली तर री-डान्स मिळतो का.

पाचपैकी साडेतीन. फ्लोअर लाकडी केला तर पुढच्या वेळी अख्ख्या ग्रुपला उतरवते, तोच व्हिनाइल असेल तर मी आपली बाल्कनीत, पण मैत्रिणींना त्यावर हील घालून जाऊ देणार नाही.